हीलर-ट्रॅपर कुणी घेत नाही

करंजा, १० ऑगस्ट

सोनल,

नारळी पौर्णिमा झाली. तुझी राखी आली नाही. मी काही डोळे लावून बसलो नव्हतो, पण आई सकाळपासून ओटीवर आत-बाहेर करत होती, आणि पोस्टमन पलीकडच्या गल्लीत वळला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याला हाकलून दिलं. बाबा दर्याला नारळ देऊन आले, जेवले, झोपले. तुझं नाव या घरात काढायचं नाही हा नियम मी केला होता. बाबांनी फक्त मान हलवली होती. आज मीच मोडतोय बघ.

कागदावर लिहितोय कारण तू दुसरं काही ठेवलंच नाहीस. नंबर बदलला, इन्स्टा बंद, व्हॉट्सअॅप बंद. पत्र रचनाकडे देतोय. तुझी लाडकी मैत्रीण म्हणते, मला पत्ता माहीत नाही, आणि बोलताना नखं खात असते. तर रचना, तू हे वाचणारच आहेस. वाच, आणि पोहोचव. तुला त्यातलं ओ की ठो कळणार नाही म्हणून नीट सांगतो, म्हणजे गावात उगाच माझ्याच नावाने शंख नको.

सगळं त्या गेमपासून सुरू झालं. त्याचं इंग्रजी नाव आमच्या आईला कधी जमलं नाही, त्यात सात किल्ले जिंकायचे असतात म्हणून आमच्या घरात तो ‘सातगड’. सातगडमध्ये प्रत्येक कॅरेक्टरला दोन क्लास घ्यावे लागतात, म्हणजे लढाईतली दोन कामं. पहिला सुरुवातीला, दुसरा पंधराव्या लेव्हलला. एकदा घेतला की बदलता येत नाही, डोकं आपटा नाहीतर काही करा. मी नाइट आणि बर्सर्कर. नाइट म्हणजे पुढे उभा राहून सगळ्यांचा मार खाणारा. आणि बर्सर्कर जेवढा मार खातो तेवढा तापतो. पुरता तापला की मग हातासमोर येईल त्याला, गेम तेव्हा आपला-परका बघत नाही. सोनल माझ्या हातून कितीदा मेली असेल. मी सॉरी म्हणायचो. ती म्हणायची, दादा, तू दुसरा क्लास वेगळा घ्यायला हवा होतास. आता घेतला तो घेतला ना.

सोनल हीलर आणि ट्रॅपर. ही जोडी कुणी घेत नाही. हीलरला पॉइंट लागतात बुद्धीचे, ट्रॅपरला हाताच्या चपळाईचे, दोन्हीकडे वाटले की धड हे नाही, धड ते नाही. आणि जगातले सगळे ट्रॅपर सापळे पुढे लावतात, शत्रू येईल त्या वाटेवर. ही बाई मागे लावायची, आम्ही आलो त्या वाटेवर. का गं, तर म्हणे पळायची वेळ आली तर मागून येणारा अडकेल. मी पोट धरून हसायचो. सोनल, तू तेव्हापासून पळायच्याच तयारीत होतीस हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आम्हा दोघांचं डॅमेज कमी पडायचं. मी मार खातोय, ती मला बरं करतेय, आणि राक्षस आहे तिथेच उभा. म्हणून तिसरा शोधला. आमच्या यार्डाच्या गेटवर कंटेनरचे नंबर टिपायला होता तो गणराज. मेज आणि समनर, लांबून आग फेकणार, हाताखालची भुतं बोलावणार, स्वतः अंगाला धूळ लावून घेणार नाही. माणगावकडचा भातवाला, मासा खाताना प्रत्येक काटा ताटाच्या कडेला मांडून ठेवणारा. त्याला पार्टीत मी घेतला. घरी मी आणला. आईच्या हातचं बोंबलाचं कालवण मी वाढायला लावलं. बाकीचं तुम्ही दोघांनी माझ्या पाठीमागे केलंत.

मनगटाचं तू सांगत फिरतेस असं कानावर आलं. दार मी ओढलं हे खरं, पण मध्ये हात कुणी घातला? आणि डॉक्टरकडे नेलं कुणी? मीच ना? सिम काढून घेतलं, कॉलेज थांबवलं, कडी बाहेरून लावली, ते तू ऐकत नव्हतीस म्हणून. दुसऱ्या घरात भावांनी काय केलं असतं याचा जरा विचार कर.

घरी ये. मी काय खाणार आहे का तुला? हवं तर त्यालाही आण. बसून बोलू.

तुझा दादा,
कुलदीप

करंजा, २५ ऑगस्ट

सोनल,

रचनाने पत्र परत पाठवलं. पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं. ती स्वतः पनवेलला आत्याकडे जाऊन बसलीय. तिच्या आईला विचारलं कधी येणार, तर बाईने उत्तर द्यायच्या आधी दार लोटून घेतलं. गावाला झालंय काय?

गणराजच्या गावीही जाऊन आलो. त्याचा बाप मला बघून गोठ्यात शिरला. मी आवाजसुद्धा चढवला नव्हता, नुसता अंगणात उभा होतो. म्हातारी हात जोडून म्हणाली, आम्हाला पण पत्ता दिला नाय वो. खोटं बोलत नसावी. पाणीसुद्धा विचारलं नाही मला.

असो. मुद्द्याचं सांगतो. तू सापडलीस.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी रीच स्टॅकरच्या, म्हणजे कंटेनर उचलायच्या गाडीच्या, केबिनमध्ये बसून फोनवर सातगड उघडतो, सवय आहे. दुसऱ्या गडाच्या पायथ्याशी माणसं जमली होती. यादीत एक नाव दिसलं, ‘वाकटी’. म्हटलं, माशाचं नाव, हा आपला कोळीवाड्यातला कोण? क्लास बघितले, तर हीलर आणि ट्रॅपर. मी डबा बाजूला ठेवला. लांबूनच बघत राहिलो. ती वाकटी त्या लोकांबरोबर आत शिरली, आणि दरवाजा ओलांडल्याबरोबर मागे वळून पहिला सापळा लावला. मग दुसरा. सगळे मागच्या वाटेवर.

कॅरेक्टर नवीन काढलंस, नाव बदललंस, पण जोडी तीच घेतलीस ना! एवढी हुशार, आणि इथे फसलीस. मी केबिनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. खालून नामा ओरडला, काय रे, लॉटरी लागली का? नामा म्हणजे आपल्या गल्लीतला, ट्रेलर चालवतो तो. त्याला तेवढं सांगितलंय, दुसऱ्या कुणाला नाही.

हे पत्र आता कुणाकडे देण्यात अर्थ नाही. ठेवून देतो. पुढचीही ठेवीन. सगळी एकदम तुझ्या हातात देईन, समोर उभा राहून.

दादा

करंजा, १४ सप्टेंबर

सोनल,

गणपती झाले. आरतीला तुझी जागा रिकामी ठेवली होती आईने. मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो.

तुझ्यासाठी नवीन कॅरेक्टर केलंय. चार संध्याकाळी नुसता क्लास निवडण्यात घालवल्या, एवढा विचार मी नोकरी धरताना केला नव्हता. नाइट घेतला असता तर तू क्षणात ओळखलं असतंस. मेज घेऊन उपयोग नाही, मेज तुझ्याकडे घरातच आहे. मग म्हटलं, हीलर-ट्रॅपरला कमी काय पडतं? मॅना. सापळे लावण्यातच अर्धी शक्ती जाते, आणि ऐन वेळी बरं करायला काही उरत नाही. मॅना भरून कोण देतो? बार्ड. गाणारा. तो मागे उभा राहून गातो आणि बाकीच्यांची शक्ती भरत राहते. मी, आणि गाणारा! यार्डातल्या पोरांना कळलं तर माझी वरात काढतील. पण हीलर-ट्रॅपर बार्डला नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं.

दुसरा क्लास शॅडो घेतला. शॅडोच्या पावलांचा आवाज होत नाही, आणि पुढे गेलेल्या माणसाचे ठसे त्याला दिसतात. लढाईत ही जोडी काडीच्या कामाची नाही. मला कुठे लढाई जिंकायची होती? रात्रंदिवस खेळून पंधरावी लेव्हल गाठली, नाव ठेवलं हेमाली, नागपूरची मुलगी, नर्सिंगला आहे, वगैरे वगैरे.

तू लगेच घेतलंस मला. ‘चल’ एवढंच लिहिलंस. तू फार थोडं लिहितेस हल्ली, आणि किती वेळ लावतेस. तो शेजारी बसलेला असतो का? लिहू देत नाही का? मी ड्युटीवर असलो की तू ऑनलाइन असतेस, घरी आलो की नसतेस. नशीबच खराब. मग मी दिवसपाळीच मागून घेतली, म्हणजे दुपारी केबिनमधून खेळता येतं.

एक सांगू? मला बरं वाटतं गं. माझं रक्त जरा खाली आलं की तू भरतेस, मी काही न मागता. इकडे घरात माझ्याशी धड कुणी बोलत नाही. बाबा जाळ्याकडे बघून बोलतात. आई वाढते आणि उठते. तिचा फोन मी रोज संध्याकाळी बघतो, कुणाचे कॉल, कुणाचे मेसेज. तिला काही राग नाही त्याचा, स्वतःच आणून देते. त्यात मावश्यांचे देवाचे फोटो सोडून काही नसतं. तू आईलासुद्धा एक फोन केला नाहीस इतक्या महिन्यांत. कसलं काळीज आहे तुझं?

दादा

करंजा, ९ ऑक्टोबर

सोनल,

आज जवळजवळ घोटाळा झाला होता.

तिसऱ्या गडावर तो दगडी राक्षस उठला, आणि आपल्याबरोबरचा नाइट, कोण कुठला पोरगा, घाबरून बाजूला झाला. राक्षसाने गदा उचलली ती थेट तुझ्यावर. माझं डोकं सुटलं. मी बार्ड आहे, अंगावर कापडी झगा आहे, हातात एकतारी आहे, सगळं विसरून पुढे उडी मारली आणि तुझ्यासमोर उभा राहिलो. एका फटक्यात मेलो.

तू मला उठवलंस. मग लिहिलंस, ‘तू पुढं का गेलीस? गाणारा मागं उभा ऱ्हातो.’

मी काहीतरी थाप मारली. आधी नाइट खेळायचे, सवय आहे, असं. बराच वेळ तुझं कॅरेक्टर नुसतं उभं होतं. मला वाटलं गेली, संपलं सगळं. मग तू लिहिलंस, ‘अशी सवय जात न्हाय लवकर.’ आणि हसण्याचं चित्र टाकलंस. जीव भांड्यात पडला.

आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासूनच तू मोकळी झालीस. रोज काहीतरी सांगतेस. इथे दर्या नाही, करमत नाही. मागच्या खिडकीतून गड दिसतो. शेजारीपाजारी कुणी नाही. तुझं लिहिणं थेट आईच्या बोलण्यासारखं झालंय, हाय आणि न्हाय, घरची आठवण येत असणार. काल गावाचं नाव विचारलं तर म्हणालीस, ‘तळा. कुनाला सांगू नको.’

कुणाला सांगतोय मी?

दादा

करंजा, ४ नोव्हेंबर

सोनल,

नामाने तुला बघितलं. माणगावला हायवेलगत ट्रेलर लावून तो चहा पीत होता, आणि तू आणि गणराज मेडिकलमधून बाहेर आलात. नामा म्हणाला, कुलदीप, रागावू नको, पण सोनलचे दिवस भरत आलेत. मी त्याची कॉलर धरली. त्याचा काय दोष? पण धरली. मग सोडली. माणगावहून तळा काही लांब नाही. सगळं जुळलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सोनल. आपल्यात पोरगी कितीही भांडून गेलेली असली तरी बाळंतपणाला आईकडे येते. आता बाया मच्छी विकताना आईला विचारणार, पोरगी आली का गं? आणि आई काय सांगणार? ती घरात बसून डिंकाचे लाडू वळतेय. विचारलं कुणासाठी, तर म्हणाली शेजारच्या काळूरामच्या सुनेसाठी. स्वतःची पोरगी असताना दुसऱ्याच्या सुनेसाठी लाडू! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. आणि मग इतका राग आला की ताट उचलून अंगणात फेकलं.

मी तुला आणायला येतोय. तुला एकटीला. त्याचं काय करायचं ते त्याला बघितल्यावर ठरवू.

हेमालीच्या नावाने काल विचारलं, काही गोड बातमी आहे का? खूप वेळ लावलास. मग म्हणालीस, ‘व्हय. याच महिन्यात.’ म्हटलं, बाळंतविडा पाठवते, पत्ता दे. तू लगेच दिलास! बाजाराच्या मागची गल्ली, निळ्या दाराचं घर, दारात जास्वंद. आणि वर स्वतःहून म्हणालीस, ‘पाठवू नको, रविवारी ये. रविवारी तो घरी नसतो. मी एकटीच.’

तू माणसं ओळखायला शिकली नाहीस ती नाहीसच.

माळ्यावरचा बाबांचा कोयता काढला. पार गंजला होता, म्हणून दगडावर घासत बसलो. आई दारात येऊन उभी राहिली. काय करतंस, म्हणाली. म्हटलं, नारळ सोलायला लागतो. ती म्हणाली, ‘नारल सोलाला एवरी धार?’ कोयता जुन्या पंच्यात गुंडाळून बॅगेत ठेवलाय. असावा जवळ, रस्ता जंगलातला आहे.

दादा

तळा, ९ नोव्हेंबर

सोनल,

एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून लिहितोय.

सकाळी निघताना आईने बॅग आणून दिली. कुठे चाललास, विचारलं नाही. ‘वाईस जर हाय, नीट धर,’ एवढंच म्हणाली. बॅग जड होतीच. मी नामाच्या गाडीत बसलो तर ती दारात उभी, पदर खोचलेला, आणि गाडी वळेपर्यंत बघत होती. मला वाटलं, हिला कळलंय, मी तिच्या पोरीला आणायला चाललोय. मी हात हलवला.

निळं दार सापडलं. जास्वंदही होती. दाराला कुलूप, आणि कुलूप असं गंजलेलं की वर्षानुवर्षं किल्ली लागली नसेल. तरी मी दार बडवलं. तुझ्या नावाने हाका मारल्या. गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. म्हणाले, कुणाला शोधताय? हे घर बंदच असतं. इथे सुकी मासळी विकणारी बाई राहायची, ती वारली. तिची ती करंजाची भाची, मनुबाई, तीच पूर्वी कधीमधी येऊन झाडून जायची.

मनुबाई. आपल्या आईचं नाव लोकांच्या तोंडून ऐकलं की ओळखायला वेळ लागतो.

मला काही सुचेना. वाटलं म्हातारा खोटं बोलतोय, तू आत आहेस, श्वास रोखून बसलीयस. कुलूप फोडायचं म्हणून बॅगेत हात घातला. पंचा हाताला लागला, तोच जुना, तशीच गाठ. बाहेर काढला तर मऊ. सोडला, आत चार तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, एक कांदा, आणि बॅगेच्या तळाशी वजनाला पाटा-वरवंट्यातला वरवंटा. कोयता नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सातगडचा मेसेज. वाकटीचा. आहे तसा उतरवून देतो.

‘कुलदीप, लोकांची दारं फोरू नको. भाकर खा. मी आये हाय, तुझी. पयल्यापासून मीच हाय.’

मी पायरीवर बसलो. नामा आला, त्याने मेसेज वाचला, माझ्याकडे बघितलं, भाकऱ्यांकडे बघितलं. त्याला म्हटलं, माणगावला चल, हॉस्पिटलं पालथी घालू. तो म्हणाला, ‘मनुकाकी मला लहानपणी न्हाऊ घालायची रे. मी नाय येत.’ आणि गाडी घेऊन निघून गेला. मला इथे टाकून.

माझ्याशी खेळली ती. स्वयंपाकघरात बसून. मी यार्डात, ती चुलीपाशी. मी संध्याकाळी घरी येऊन तिचा फोन तपासायचो आणि ती माझ्या ताटात भात वाढायची.

घरी जातोय. विचारतो तिला.

कुलदीप

करंजा, १० नोव्हेंबर

आई घरात नाही. तिची दोन लुगडी नाहीत, लाडवांचा डबा नाही. बाबा ओटीवर जाळं शिवत बसले होते.

म्हटलं, आई कुठेय? बाबा म्हणाले, ‘पोरीकरं गेली. काल तू निंघाल्यावं मीच सोरली तिला रेवसला, आपल्या होरीतनं.’ मान वर केली नाही.

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं हे सगळं? गेमचं पण? बाबा म्हणाले, ‘सोनलनंच जाताना लावून दिलता तिच्या फोनान. सापलं मागं लावाला पन तिनंच शिकवलं. दुपारच्या बोलायच्या दोघी त्यातनं.’ मी ओरडलो, मी रोज फोन बघायचो! ‘तू कॉल बघायचास,’ बाबा म्हणाले.

त्या वेळी मला काय झालं माहीत नाही. मी जाळं ओढलं त्यांच्या हातातून. म्हटलं, मला ओळखलं कधी तिनं? ते जाळ्याचं दुसरं टोक धरून होते, सोडलं नाही. म्हणाले, ‘गानारा राक्षसापुरं मरायला गेला, तवाच. तिनं सांगितलं मना, आपला कुलदीप हाय ह्यो. रातभर रडली. मारायला आलेला पोरगा वाचवायला पन पुरं धावतो, त्याचं काय करू, असं म्हनत व्हती.’

मी जाळं सोडलं. मग बाबा उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. ‘पोर झाली सोनलला. दोगी बऱ्या हायेत. तू हतं हाईस म्हनून माजी पोर माहेरी आली न्हाय, नि तिची आय चोरावानी निंघून गेली. बारसं हतंच व्हनार, या घरान. तवा तू हतं नसायचंस.’

म्हटलं, आणि नाही गेलो तर? बाबा आत गेले. माझे कपडे भरलेली ट्रंक उचलून आणली आणि पायरीखाली ठेवली. मग परत जागेवर बसून सुतळी ओवायला लागले. समोरच्या घरांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती.

न्हावा शेवा, २१ नोव्हेंबर

सोनल,

यार्डाजवळ खोली घेतलीय. खिडकीतून कंटेनरच दिसतात, एकावर एक. आई फोन उचलत नाही. ‘वाकटी’ नावाचं कॅरेक्टर काढून टाकलेलं दिसतं.

मुलगी झाली म्हणे. कुणासारखी आहे? मी मामा आहे तिचा. हे कुणी बदलू शकत नाही.

पहिले काही दिवस मी गेम उघडलाच नाही. नुसता विचार करत होतो, चुकलं कुठे? बार्ड बरोबर होता. शॅडो बरोबर होता. नाव, गाव, थापा, सगळं जमलं होतं. आईने मला क्लासवरून ओळखलं नाही. मी तिला जोडीवरून ओळखायला गेलो आणि तोंडावर आपटलो, तिने मात्र माणूस कसा उभा राहतो ते बघितलं. माझा नाइट मी घरी ठेवून आलोच नव्हतो. आग लागो त्या सवयीला.

म्हणून परवा नवीन कॅरेक्टर काढलं. पहिला क्लास हीलर घेतला. आता शिकतोय. हीलरला काही करायचं नसतं, मागे थांबायचं, बघत राहायचं, कुणाचं किती रक्त उरलंय ते लक्षात ठेवायचं. सुरुवातीला फार जड गेलं. समोर मारामारी चालली की पाय आपोआप पुढे जायचे. आता जात नाहीत. काल एका पार्टीत शेवटपर्यंत मागे उभा राहिलो, माझ्यासमोर आपला माणूस पडला तरी हललो नाही. खेळ संपल्यावर त्यातल्या एका मुलीने लिहिलं, किती शांत खेळतोस, दादा आहेस का कुणाचा? मी हो म्हटलं. दुसरा क्लास अजून निवडलेला नाही, घाई कसली आहे.

बारशाची तारीख मला कुणी सांगणार नाही, माहीत आहे. पण अंगणात मांडव पडला की अख्ख्या करंजाला कळतं, आणि मांडव घालणारी पोरं यार्डातच कामाला आहेत. गर्दी खूप होईल. आपल्या घरी नेहमीच होते. बाया पाळण्यापाशी, पुरुष ओटीवर, बाहेरगावचे पाहुणे, उरणहून येणारी आईची माणसं. बाबा दारात उभे राहून बघतील, कोण तरातरा पुढे येतोय ते.

मी पुढे येणार नाही, सोनल. मी मागे उभा राहीन.

दादा